विश्लेषण : टर्पेंटाइनच्या वासामागचे रसायन उलगडणारे ओटो वालाख कोण होते?

रंगकाम सुरू असलेल्या घरात येणारा टर्पेंटाइनचा उग्र वास मुळात पाइनच्या लाकडातला. खोडाला जखम झाली की पाइनचे झाड चिकट चीक सोडते. त्याने जखम बुजते, कीड आणि बुरशीला अटकाव होतो. हा चीक तापवून निघालेली वाफ थंड केली की टर्पेंटाइन मिळते. मागे उरते ती राळ. या तेलात नेमके काय असते, हे शोधणारे शास्त्रज्ञ म्हणजे ओटो वालाख.

कपाटातल्या बाटल्या

वालाख यांचा जन्म २७ मार्च १८४७ रोजी प्रशियातील क्योनिग्सबर्गचा. गटिंगेन येथे १८६९ मध्ये डॉक्टरेट मिळवून ते बॉनला केकुले यांच्या प्रयोगशाळेत गेले. १८७९ मध्ये त्यांच्याकडे औषधनिर्माणशास्त्र शिकवण्याचे काम आले. तेथील कपाटात सुगंधी तेलांच्या बाटल्या वर्षानुवर्षे तशाच पडून होत्या. त्यातून काही निष्पन्न होईल, अशी केकुलेंना फारशी आशा नव्हती. वालाख मात्र कामाला लागले.

नावे अनेक, पदार्थ एक

अडचण अशी होती, की टर्पीन गटातील बहुतेक द्रव्यांत कार्बनचे दहा आणि हायड्रोजनचे सोळा अणू. वास आणि उत्कलनबिंदूही जवळपासचे. त्यामुळे नवे झाड, नवे तेल की नवे नाव, असा प्रकार चालू होता. वालाख यांनी तेलांचे पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन केले, साध्या रसायनांशी अभिक्रिया घडवून स्फटिक मिळवले आणि त्यांच्या द्रवणांकावरून पदार्थ ओळखले. लिंबाच्या तेलातील ‘सिट्रीन’, संत्र्यातील ‘हेस्पेरिडीन’ आणि शहाजिऱ्यातील ‘कार्वीन’ हे सारे एकच लिमोनीन निघाले. टर्पेंटाइनमधील मुख्य घटकाला पाइनवरून ‘पायनीन’ हे नाव मिळाले. ही द्रव्ये पाच कार्बनच्या आयसोप्रीन या घटकाच्या जोडणीतून बनलेली दिसतात, हेही त्यांनी दाखवले.

नोबेल आणि महायुद्धाचा घाव

१८८९ पासून ते गटिंगेनला प्राध्यापक होते. १९०९ मध्ये त्यांचा टर्पीन आणि कापूर यांवरील ग्रंथ आला, तर १९१० मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल. पहिल्या महायुद्धात त्यांचे सहा सहायक मारले गेले आणि १९१५ मध्ये ते निवृत्त झाले. २६ फेब्रुवारी १९३१ रोजी त्यांचे निधन झाले.

आज महत्त्व काय?

आयसोप्रीनचे सूत्र पुढे लिओपोल्ड रुझिच्का यांनी विस्तारले. अत्तरे, साबण आणि औषधे यांतील टर्पीन ओळखण्याचा पाया मात्र कपाटातल्या त्या दुर्लक्षित बाटल्यांतूनच घातला गेला.