लेफ्टनंट वॉल्टर टल, नॉर्थॅम्प्टन टाऊन

फुटबॉलमध्ये गोल मारणाऱ्याचं नाव मथळ्यात येतं, गोल अडवणाऱ्याचा फोटो छापला जातो. मधल्या फळीत नव्वद मिनिटं धावणाऱ्याच्या वाट्याला बातमीच्या शेवटच्या परिच्छेदातली अर्धी ओळ येते. वॉल्टर टल हा अशा अर्ध्या ओळीतला खेळाडू. नॉर्थॅम्प्टन टाऊनसाठी तो शंभराहून अधिक सामने खेळला आणि त्यात त्याच्या नावावर गोल अवघे नऊ. तरीही 1918 साली मेलेल्या या माणसाला इंग्लंडमध्ये आज शाळकरी पोरंसुद्धा ओळखतात. मला त्याच्याविषयी कुतूहल वाटलं ते मात्र फुटबॉलमुळे नव्हे, तर ब्रिटिश लष्कराच्या एका नियमामुळे. त्या नियमाकडे येईनच, पण आधी घरापासून सुरुवात केली पाहिजे.

वॉल्टरचे आजोबा बार्बाडोस बेटावर गुलाम होते. वडील डॅनियल सुतारकाम शिकले आणि 1876 च्या सुमारास इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या फोकस्टन गावी आले. तिथे त्यांनी अॅलिस पामर या केंट परगण्यातल्या गोऱ्या मुलीशी लग्न केलं. 28 एप्रिल 1888 रोजी वॉल्टर जन्मला. सात वर्षांचा होईतो आई कर्करोगाने गेली. वडिलांनी अॅलिसच्याच चुलतबहिणीशी, क्लाराशी लग्न केलं आणि 1897 मध्ये तेही हृदयविकाराने गेले. क्लाराच्या पदरात सवतीची मुलं, स्वतःचं तान्हं मूल आणि मिळकत काहीच नाही. शेवटी वॉल्टर आणि थोरला भाऊ एडवर्ड यांना लंडनच्या बेथ्नल ग्रीन भागातल्या मेथडिस्ट पंथाच्या अनाथाश्रमात धाडण्यात आलं. सावत्र आईने पोरं टाकली, असा निवाडा कुणी करू नये. हातातोंडाची गाठ पडत नसलेल्या विधवेपुढे दुसरा रस्ता नव्हता.

एडवर्डचा गळा गोड होता. आश्रमाचं गायकवृंद निधी गोळा करायला गावोगाव फिरे, त्यात ग्लासगोच्या एका कुटुंबाची त्याच्यावर माया बसली. त्यांनी त्याला दत्तक घेतलं आणि पुढे तो दंतवैद्य झाला. वॉल्टर मागे राहिला. बारा वर्षांच्या पोराच्या आयुष्यातून आई, बाप आणि शेवटी भाऊही असा एकामागून एक गेला, तेव्हा त्याला काय वाटलं असेल, याची कल्पना आपली आपणच करायची. आश्रमात तो छपाईचं काम शिकला आणि आश्रमाच्याच संघातून फुटबॉल खेळू लागला.

1908 मध्ये लंडनच्या क्लॅप्टन या हौशी क्लबने त्याला घेतलं आणि त्याच हंगामात क्लबने एफए अॅमॅच्युअर कप जिंकला. मग टॉटनहॅम हॉट्स्परची नजर त्याच्यावर गेली. हा क्लब नुकताच पहिल्या डिव्हिजनमध्ये चढला होता. 1909 च्या उन्हाळ्यात टल त्यांच्याबरोबर अर्जेंटिना आणि उरुग्वेच्या दौऱ्यावर गेला आणि परतल्यावर व्यावसायिक झाला. करारापोटी दहा पौंड, आठवड्याला जास्तीत जास्त चार पौंड. तेव्हा खेळाडूंच्या पगारावर कमाल मर्यादाच होती, कितीही चांगलं खेळा! इंग्लंडमधला तो पहिला कृष्णवर्णीय व्यावसायिक मात्र नव्हे. आर्थर व्हॉर्टन हा गोलरक्षक त्याच्या वीस वर्षं आधी पैसे घेऊन खेळत होता.

टॉटनहॅममध्ये टलला आघाडीच्या फळीत, आतल्या डाव्या जागेवर खेळवत. सुरुवात उत्तम झाली, वृत्तपत्रांनी कौतुक केलं. मग 2 ऑक्टोबर 1909 रोजी ब्रिस्टल सिटीच्या मैदानावर सामना झाला. यजमानांच्या प्रेक्षकांतल्या एका टोळक्याने टलच्या रंगावरून इतकी गलिच्छ शिवीगाळ केली, की फुटबॉल स्टार या पत्राच्या वार्ताहराला ती लपवणं जमलं नाही. मासळीबाजारातही ऐकू येणार नाही अशी ती भाषा होती, अशा आशयाचं त्याने लिहिलं आणि मैदानावरचा सर्वांत सभ्य आणि सर्वांत चांगला खेळाडू टल होता, हेही नोंदवलं. थोड्याच दिवसांत टल पहिल्या संघाबाहेर गेला. टॉटनहॅमसाठी त्याचे लीगमधले सामने झाले फक्त दहा, गोल दोन. क्लबने त्याला त्या शिवीगाळीमुळेच वगळलं, असं सिद्ध करणारा कागद नाही. पण ज्या पोराची महिनाभरापूर्वी वाहवा होत होती, तो एकाएकी राखीव संघातला खेळाडू कसा झाला, या प्रश्नाला फुटबॉलमधून उत्तर सापडत नाही, एवढं मी म्हणेन.

दोन वर्षं राखीव संघात काढल्यावर ऑक्टोबर 1911 मध्ये तो सदर्न लीगमधल्या नॉर्थॅम्प्टन टाऊनकडे गेला. तिथला मॅनेजर होता हर्बर्ट चॅपमन. पुढे हडर्सफील्ड आणि आर्सेनल यांना ज्याने वैभवाला नेलं, तोच हा चॅपमन. त्याला खेळाडूची योग्य जागा हेरण्याची दृष्टी होती. टल आघाडीपेक्षा मधल्या फळीत अधिक उपयोगी पडेल, हे तिथे ध्यानात आलं आणि तो विंग-हाफ झाला.

आजच्या वाचकासाठी हे जरा उलगडून सांगतो. त्या काळी संघ दोन-तीन-पाच असा उभा राही. मागे दोन बॅक, मध्ये तीन हाफबॅक, पुढे पाच फॉरवर्ड. त्या तिघांपैकी दोन कडेच्यांना विंग-हाफ म्हणत. आजच्या भाषेत मिडफिल्डर. पाच जणांचा हल्ला अंगावर आला की त्याने मागे पळत जाऊन चेंडू काढून घ्यायचा आणि श्वास न घेता आपल्या फॉरवर्डला पुरवायचा. या जागेवर दम लागतो आणि डोकं थंड लागतं. पायात कौशल्य तर हवंच, पण दुसऱ्याने गोल मारला म्हणून मनापासून आनंद मानण्याचा स्वभावही हवा. टलकडे हे सारं होतं. नॉर्थॅम्प्टनमध्ये तो लोकांचा लाडका झाला.

त्याच 1911 च्या उन्हाळ्यात आपला पळवणकर बाळू अखिल भारतीय संघाबरोबर इंग्लंडच्या मैदानांवर शंभरावर बळी घेत होता, हे आठवल्याशिवाय राहवत नाही. त्याला पुण्यात चेंडू हातात मिळे, पण चहा मात्र वेगळ्या भांड्यात, बाहेर. हिंदू संघाचं कर्णधारपद त्याला कधीच मिळालं नाही. मैदानात राबवायचं, पण चार माणसं हाताखाली द्यायची वेळ आली की मागे सरायचं, ही रीत तिकडची आणि इकडची सारखीच.

आणि म्हणूनच तो लष्कराचा नियम. महायुद्ध पेटल्यावर डिसेंबर 1914 मध्ये फुटबॉलपटूंची एक खास पलटण उभी राहिली, मिडलसेक्स रेजिमेंटची सतरावी. टल लगेच भरती झाला आणि लवकरच सार्जंटच्या हुद्द्यावर पोचला. नोव्हेंबर 1915 मध्ये पलटण फ्रान्सला गेली. तोफांच्या सततच्या माऱ्याने 1916 च्या वसंतात त्याच्या मनावर आघात झाला आणि त्याला इंग्लंडला परत पाठवावं लागलं. बरा होऊन तो सॉमच्या लढाईत पुन्हा उतरला, मग खंदकज्वराने पुन्हा मायदेशी. वरिष्ठांनी त्याची शिफारस अधिकारी-प्रशिक्षणासाठी केली. वास्तविक नियमाप्रमाणे अधिकारी शुद्ध युरोपीय वंशाचाच हवा होता. सॉमच्या रणात तरुण अधिकारी इतके पडले होते, की नियमावर बोट ठेवायला कुणाला फुरसत नव्हती. 30 मे 1917 रोजी टल सेकंड लेफ्टनंट झाला. त्याच ऑगस्टमध्ये नऊ हिंदी अधिकाऱ्यांना प्रथमच राजाचं कमिशन मिळालं. अडचणीत सापडलेलं साम्राज्य किती उदार होतं पाहा!

टल हा ब्रिटिश सैन्यातला पहिला कृष्णवर्णीय अधिकारी, असं वर्षानुवर्षं छापून येत असे. अलीकडच्या संशोधनाने ते खोडून काढलं आहे. जमैकात जन्मलेल्या जॉर्ज बेमंडला 1915 मध्येच तोफखान्यात कमिशन मिळालं होतं. माझ्या मते यामुळे टलचं मोल तसूभरही घटत नाही. गोऱ्या सैनिकांनी त्याचा हुकूम लढाईत मानला, हे खरं महत्त्वाचं.

1917 च्या अखेरीस तो इटलीत पियावे नदीकाठी होता. 1918 च्या पहिल्या जानेवारीला बर्फगार पाण्यातून सव्वीस जणांची तुकडी घेऊन तो शत्रूच्या हद्दीत शिरला आणि सगळ्यांना सुखरूप परत घेऊन आला. मेजर-जनरल सिडनी लॉफर्ड यांनी त्याच्या धैर्याची आणि थंड डोक्याची लेखी नोंद घेतली. (पुढे हॉलिवुडमध्ये गाजलेला पीटर लॉफर्ड हा याच जनरलचा मुलगा.) थंड डोकं! विंग-हाफबद्दल वर लिहिलं ते याहून वेगळं नव्हतं.

मार्चमध्ये पलटण फ्रान्सला परतली आणि जर्मनांनी वसंतातली मोठी चढाई सुरू केली. 25 मार्च 1918 रोजी फाव्रॉय गावाजवळ माघार घेताना टलला गोळी लागली. टॉम बिलिंगहॅम हा त्याच्या हाताखालचा शिपाई, स्वतः लेस्टरचा जुना गोलरक्षक. त्याने त्याला उचलून आणायचा प्रयत्न केला, पण शत्रू इतका जवळ आला होता की देह तिथेच सोडावा लागला. तो पुढे कधी सापडला नाही. तिसावा वाढदिवस महिनाभरावर होता.

त्याच्या वरिष्ठाने एडवर्डला लिहिलेल्या सांत्वनपत्रात, टलची मिलिटरी क्रॉससाठी शिफारस झाली होती, असं आहे. शिफारशीचा मूळ कागद मात्र सरकारी दप्तरात मिळालेला नाही. पदक मरणोत्तर तरी द्या, म्हणून इंग्लंडमध्ये मोहीम झाली, खासदारांनी पाठिंबा दिला, सरकारने नकार दिला. कृष्णवर्णीय अधिकाऱ्याला पदक दिलं असतं तर त्याला अधिकारी करताना मोडलेला नियम चव्हाट्यावर आला असता, असा एक तर्क आहे. मला तो पटण्याजोगा वाटतो, तरी तर्क तो तर्कच. कागद नाही म्हणजे शिफारस नव्हतीच, हेही तितकंच अपुरं.

आरास इथल्या स्मारकाच्या भिंतीवर, ज्यांना कबर नाही अशा सुमारे पस्तीस हजार जणांत त्याचं नाव कोरलेलं आहे. नॉर्थॅम्प्टनला जाग यायला एक्याऐंशी वर्षं लागली. 1999 मध्ये क्लबच्या सिक्सफील्ड्स मैदानाबाहेर त्याचं स्मारक उभं राहिलं. तिथल्या एका रस्त्यालाही आता त्याचं नाव आहे.