ज्ञानेश्वरकन्या, कृष्णपत्नी : प्रज्ञाचक्षू श्रीगुलाबराव महाराज

आज गोकुळाष्टमी. मध्यरात्री घरोघरी बाळकृष्णाचा पाळणा हलेल, सुंठवडा वाटला जाईल आणि उद्या गिरगावपासून दादर-लालबागपर्यंतचे रस्ते गोविंदांच्या गजराने दुमदुमून जातील. या पर्वकाळी, श्रीकृष्णाला पती मानून ज्यांनी आपले आयुष्य त्याच्या चरणी वाहिले, त्या विदर्भातील सत्पुरुषाचे, प्रज्ञाचक्षू श्रीगुलाबराव महाराजांचे पुण्यस्मरण करू या.

अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे ६ जुलै १८८१ रोजी महाराजांचा जन्म झाला. पिता गोंदुजी मोहोड हे माधान गावचे. मातुःश्रींचे नाव अलोकाबाई. कुळ कुणब्याचे. नवव्या महिन्यात बाळाची दृष्टी गेली आणि चौथ्या वर्षी मातृछत्रही हरपले. ज्याने आईचे मुख डोळे भरून पाहिले नाही, अशा या बालकाने पुढे श्रवणाच्या बळावर वेदान्त, षड्दर्शने आणि संतवाङ्मय आत्मसात केले. दुसऱ्याने वाचावे आणि यांनी ऐकून धारण करावे, असा हा अभ्यास होता. डार्विन आणि स्पेन्सर या पाश्चात्त्य विचारवंतांच्या मतांचाही त्यांनी परामर्श घेतला. अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात १३४ ग्रंथांची रचना त्यांच्या नावावर आहे. १८९६ साली त्यांचा मनकर्णिकाबाईंशी विवाह झाला, म्हणजे लौकिकदृष्ट्या ते गृहस्थाश्रमी होते.

१९०१ साली श्रीज्ञानेश्वर महाराजांनी त्यांना दर्शन दिले, मांडीवर घेतले आणि स्वनामाचा मंत्र दिला, अशी सांप्रदायिकांची श्रद्धा आहे. माउलींच्या समाधीला तेव्हा सहाशे वर्षे उलटून गेली होती. त्या दिवसापासून गुलाबराव महाराज स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवू लागले. पुत्र किंवा शिष्य न म्हणता त्यांनी कन्या हाच शब्द निवडला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. कन्येला वर हवा; तो वर श्रीकृष्ण. मग हे प्रकांड पंडित गोपीभावाने राहू लागले. कपाळी कुंकू, गळ्यात मंगळसूत्र आणि अंगावर स्त्रीवेश त्यांनी धारण केला.

याच काळात, १९११ साली, मुंबापुरीत 'मानापमान' नाटक रंगभूमीवर आले आणि बालगंधर्वांची भामिनी पाहून रसिक देहभान विसरले. पुरुषाने शालू नेसावा, याचे तेथे कोणाला वावडे नव्हते. परंतु नटाचा वेश पडदा पडताच उतरतो. महाराजांचा तसा नव्हता. त्यांच्यापुढे प्रेक्षक नव्हते, आणि स्वतःचे ते रूप आरशात पाहण्यास त्यांना डोळेही नव्हते. तो शृंगार केवळ एकासाठी होता. अंतरी जो भाव आहे तोच बाहेर असावा, एवढाच त्याचा अर्थ.

याला शास्त्राधार काय, असे कोणी विचारील. नारदमहर्षींनी भक्तिसूत्रांत भक्तीचे जे अकरा प्रकार सांगितले, त्यांत कान्तासक्ती, म्हणजे पत्नीने पतीवर करावे तसे प्रेम, स्पष्टपणे गणले आहे; आणि ते प्रेम केवळ स्त्रीदेहधारी भक्तानेच करावे, अशी अट घातलेली नाही. उलट भक्तांमध्ये जाती, विद्या, रूप, कुल, धन यांवरून भेद नाही, असे नारदांनी निक्षून सांगितले. महाराजांनी याच प्रेमाला शांकर अद्वैताची जोड देऊन आपल्या मताला मधुराद्वैत हे नाव दिले. जीव आणि ब्रह्म एकच आहेत, हे कळल्यावरही प्रेमाचा गोडवा उरतो, हे त्याचे सार होय.

आणि हे आपणा वारकऱ्यांच्या महाराष्ट्राला नवे का आहे? ज्ञानोबा पुरुष, पण आपण त्यांना माउली म्हणतो. पंढरीचा विठोबा आपली विठाई होतो. परळ-लालबागच्या चाळींतून गिरणीतल्या पाळीनंतर भजनाला बसणारे राकट हातांचे कामगार गौळण म्हणू लागले, की यमुनेच्या वाटेवर अडवलेल्या गोपीचे गाऱ्हाणे पुरुषकंठातून उमटत असे, आणि त्यात कोणालाही विपरीत वाटत नसे. जे आपण घटकाभर गातो, ते महाराज अष्टौप्रहर जगले.

हे सारे आज सांगण्यास एक कारण आहे. मुंबईत कीर्तन आटोपल्यावर एखादी माउली देवळाच्या खांबाआड येऊन हळूच विचारते, की आपल्या मुलाचे मन इतरांसारखे नाही, त्याच्यावर देव कोपला आहे का? महाराजांना आजच्या काळातील एखाद्या नावात बसवणे उचित होणार नाही; त्यांची वाट भक्तीची होती. परंतु त्यांच्या चरित्रातून त्या माउलीला उत्तर निश्चित मिळते. देहाचा आकार एक आणि अंतरीची ओळख दुसरी, असे असूनही मनुष्य विद्वान, सदाचारी आणि भगवंताचा लाडका होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली, २०१८ साली प्रौढांचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्हा ठरणार नाहीत, असा निर्णय दिला. न्यायालयाने आपले काम केले. घराचा उंबरठा मात्र आपला आहे. मंगळसूत्र घातलेल्या महाराजांच्या तसबिरीला हार घालायचा आणि पोटच्या लेकराला दार बंद करायचे, ही भक्ती नव्हे.

२० सप्टेंबर १९१५ रोजी पुणे येथे महाराजांनी देह ठेवला. त्यांच्यानंतर बाबाजी महाराज पंडित यांनी संप्रदायाची धुरा वाहिली आणि ग्रंथ जतन झाले.

आज रात्री पाळण्याची दोरी हाती घ्याल तेव्हा आपल्या घरातील जो कोणी मागे, भिंतीला टेकून उभा असेल, त्यालाही पुढे बोलवा आणि दोरी त्याच्या हाती द्या. गोकुळात कृष्णाने कोणालाही परत धाडले नव्हते. बोला, गोपालकृष्ण भगवान की जय!