विल्यम वानलेस

सर विल्यम जेम्स वानलेस (१८६५ – १९३३) हे कॅनडात जन्मलेले शल्यचिकित्सक व ख्रिस्ती वैद्यकीय मिशनरी होते. मिरज येथील मिशन रुग्णालयाचे ते संस्थापक होत. शस्त्रक्रिया व धर्मसेवा ही दोन स्वतंत्र कामे नसून एकाच सेवाव्रताची दोन अंगे आहेत, या भूमिकेतून त्यांनी सुमारे चार दशके दक्षिण महाराष्ट्रात काम केले.

प्रारंभिक जीवन

वानलेस यांचा जन्म कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात झाला. न्यूयॉर्क येथे वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून ते १८८९ मध्ये अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनतर्फे पत्नी मेरी यांच्यासह भारतात आले. कोल्हापूर परिसरात ख्रिस्ती मिशनरी काम १८५२ पासून चालू होते. मात्र तेथे मिशनचे सुसज्ज रुग्णालय नव्हते. सांगली येथे एका लहान दवाखान्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि पुढे मिरज हे कार्यक्षेत्र निवडले.

मिरज येथील रुग्णालय

मिरज संस्थानच्या पटवर्धन अधिपतींनी रुग्णालयासाठी जागा दिली, तर इमारतीसाठी फिलाडेल्फियाचे उद्योगपती जॉन कॉन्व्हर्स यांनी देणगी दिली. १८९४ मध्ये रुग्णालय सुरू झाले. मिरज हे रेल्वेचे जंक्शन असल्याने दूरवरचे रुग्ण तेथे पोहोचू शकत. मोतीबिंदू, मुतखडा व पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी वानलेस यांची ख्याती पसरली आणि संस्थानिकांपासून शेतमजुरांपर्यंत सर्व थरांतील लोक उपचारासाठी येऊ लागले. पुढे मिरजेत कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान व सांगली-मिरज मार्गालगत क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले. या आरोग्यधामाच्या परिसराला वानलेसवाडी हे नाव पडले.

श्रद्धा आणि व्यवसाय

शस्त्रक्रियेपूर्वी प्रार्थना करण्याची प्रथा या रुग्णालयात होती आणि रुग्णांसमोर ख्रिस्ती धर्माचा उपदेशही केला जाई. धर्मांतराचे साधन म्हणून मिशनच्या रुग्णालयांवर त्या काळी टीका होत असे. दुसरीकडे, उपदेश हेच मुख्य काम व औषधोपचार हे त्याचे केवळ निमित्त, असे मानणारा वर्गही मिशनरी चळवळीत होता. वानलेस यांनी उपदेशाचा आग्रह सोडला नाही. परंतु त्यासाठी शस्त्रक्रियेचा दर्जा दुय्यमही ठरू दिला नाही. निष्काळजीपणे केलेली शस्त्रक्रिया प्रार्थनेने भरून निघत नाही, ही जाणीव त्यांच्या कामात दिसते. त्यामुळे धर्मांतराचा विचारही न करणारे असंख्य रुग्ण विश्वासाने त्यांच्याकडे येत राहिले.

वैद्यकीय शिक्षण

एका डॉक्टरच्या हातून होणारे काम मर्यादित असते, हे ओळखून त्यांनी १८९७ मध्ये भारतीय तरुणांना वैद्यकीय शिक्षण देण्यास सुरुवात केली. लुधियाना येथे एडिथ ब्राउन यांनी १८९४ मध्ये स्त्रियांसाठी असेच शिक्षण सुरू केले होते. वेल्लोर येथे आयडा स्कडर यांची वैद्यकीय शाळा १९१८ मध्ये निघाली. मिरजेतून तयार झालेले डॉक्टर इतर मिशन रुग्णालयांत व खाजगी व्यवसायातही गेले. परदेशी शल्यचिकित्सकावर अवलंबून असलेले काम स्थानिकांच्या हाती सोपवण्याच्या दृष्टीने हा उपक्रम महत्त्वाचा ठरला.

सन्मान व अखेरचा काळ

ब्रिटिश सरकारने १९२८ मध्ये त्यांना सर हा किताब दिला. त्याच वर्षी ते निवृत्त होऊन अमेरिकेस गेले. भारतातील अनुभवांवर त्यांनी इंग्रजीत आत्मचरित्रपर पुस्तक लिहिले. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियातील ग्लेंडेल येथे त्यांचे निधन झाले.

वारसा

मिरजेच्या रुग्णालयाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले. कोल्हापूर येथील मेरी वानलेस रुग्णालय त्यांच्या पत्नीच्या नावाने ओळखले जाते. १९६२ मध्ये मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष रुग्णशिक्षणासाठी या जुन्या मिशन रुग्णालयाचे साहाय्य घेण्यात आले. वैद्यकीय उपचारांचे केंद्र म्हणून मिरजेला जी ओळख मिळाली, तिचा पाया वानलेस यांच्या कार्याने घातला.