जेआरडींनी प्रतिस्पर्ध्याला स्पार्क प्लग दिले आणि रेस थोडक्यात हरले

शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडी फेज वनमधून गाडी बाहेर काढणं हीच एक रेस आहे, असं तिथला कुठलाही आयटीवाला सांगेल. पण याच गर्दीत अशीही काही पोरं असतात ज्यांची खरी रेस वाकडचा पूल ओलांडल्यावर सुरू होते. बाईक टेम्पोत बांधलेली असते, हेल्मेट आणि लेदर सूट बॅगेत असतो आणि पुढे हजार-बाराशे किलोमीटरचा प्रवास असतो. कुणी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर निघालेलं असतं, कुणी कोईम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर. सोमवारी परत स्टँडअप मीटिंगला हजर.

ही मंडळी व्यावसायिक रेसर नसतात. स्पॉन्सर नाही, मेकॅनिकची टीम नाही, टायरचे पैसे पगारातून. आणि बहुतेकांपुढे अडचण सारखीच असते, ती म्हणजे ज्या ट्रॅकवर उतरायचंय तो कधी पाहिलेलाच नाही.

मग तयारी सुरू होते. डबा खाता खाता मोबाईलवर त्या ट्रॅकचे व्हिडिओ बघायचे. कुठल्या वळणाआधी ब्रेक दाबायचा, कुठला गिअर, वळण पुढे उघडतंय की आणखी आवळतंय, हे पाठ करायचं. ब्रेक ऑइल बदलायचं, ऑइलचा ड्रेन प्लग तारेनं बांधायचा, आरसे आणि साईड स्टँड काढायचा. सुटे क्लच लिव्हर, सुटे स्पार्क प्लग बॅगेत टाकायचे. कारण अनोळखी गावात रविवारी सकाळी आठ वाजता स्पेअर पार्टचं दुकान उघडं मिळत नाही.

याच हिंजवडीत टाटा टेक्नॉलॉजीजचं मुख्यालय आहे. तिथून जाता-येता टाटा हे नाव दिसतं आणि बहुतेकांच्या डोळ्यांपुढे जेआरडींचा तो पांढऱ्या केसांचा, सुटाबुटातला फोटो येतो. टाटा समूहाचे अध्यक्ष, एअर इंडियाचे संस्थापक, भारतरत्न वगैरे. पण हा माणूस पंचविशीत असताना अगदी याच जातीचा होता. क्लबात शिकलेला, हौशी आणि कधीही न पाहिलेल्या मार्गावर एकटाच रेसला निघालेला. फरक एवढाच की त्याचा ट्रॅक कराचीपासून लंडनपर्यंत होता आणि तो आकाशात होता.

वेगाचं वेड आलं कुठून?

जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा यांचा जन्म 29 जुलै 1904 चा, पॅरिसमधला. वडील रतनजी दादाभॉय हे जमशेटजी टाटांचे नात्यातले आणि व्यवसायातले सहकारी. आई सुझान फ्रेंच, लग्नानंतर सुनी झाली. बालपण फ्रान्स, मुंबई आणि जपान असं विभागलेलं.

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्दलो नावाच्या गावी टाटांचं सुट्टीतलं घर होतं. तिथे शेजारी कोण, तर लुई ब्लेरियो. 1909 मध्ये विमानातून इंग्लिश खाडी पार करणारा पहिला माणूस. आता ज्या पोराच्या शेजारी असा माणूस राहतो आणि किनाऱ्यावर विमानं उतरताना दिसतात, ते पोरगं पुढे काय करणार हे सांगायला ज्योतिषी नको. पंधराव्या वर्षी तिथेच त्यांना विमानातून एक फेरी मिळाली आणि आपण वैमानिक व्हायचं हे मनात पक्कं झालं.

पण घरच्यांचं ठरलेलं वेगळं होतं. 1925 मध्ये वडिलांनी त्यांना भारतात बोलावून टाटा स्टीलमध्ये बिनपगारी उमेदवार म्हणून बसवलं. पुढच्याच वर्षी वडील गेले. बावीस वर्षांच्या जेआरडींवर घराची जबाबदारी आली.

वेगाचं वेड मात्र सुटलं नाही. त्या काळी त्यांच्याकडे बुगाटी होती आणि ती ते मुंबईत अशी हाणायचे की भरधाव गाडी चालवल्याबद्दल कोर्टाची पायरी चढावी लागली. बचावासाठी जॅक विकाजी नावाचे वकील केले. या विकाजींची भाची थेल्मा. जेआरडींची तिच्याशी ओळख झाली आणि डिसेंबर 1930 मध्ये लग्नही झालं. हा किस्सा नेहमी प्रेमकथा म्हणून सांगितला जातो. मला तो तसा फारसा गोड वाटत नाही. सार्वजनिक रस्ता हा ट्रॅक नसतो, समोरून येणाऱ्यानं रेसला नाव दिलेलं नसतं. रविवारी पहाटे जुन्या हायवेनं लोणावळ्याकडे सुसाट सुटणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवंच.

त्यांच्या वेडाला योग्य जागा मिळाली ती जुहूच्या धावपट्टीवर. तिथे बॉम्बे फ्लाइंग क्लब सुरू झाला आणि जेआरडी विमान शिकायला लागले. 10 फेब्रुवारी 1929 ला त्यांना लायसन्स मिळालं. भारतात दिलं गेलेलं हे पहिलं वैमानिक लायसन्स, त्यावर नंबरही 1.

पाचशे पौंडांची रेस

त्याच वर्षाच्या शेवटी आगाखान यांनी एक बक्षीस जाहीर केलं. इंग्लंड ते भारत किंवा भारत ते इंग्लंड हा प्रवास एकट्यानं विमान चालवत पूर्ण करणाऱ्या पहिल्या भारतीयाला 500 पौंड. अट अशी की निघाल्यापासून एका महिन्याच्या आत पोहोचायचं.

आज हे अंतर आपण दोन सिनेमे आणि एका झोपेत कापतो. तेव्हाची गोष्ट वेगळी होती. या रेसला लोक जिप्सी मॉथसारखी विमानं घेऊन उतरत. लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेलं दोन पंखी विमान, वर छत नाही, इंजिन साधारण 100 हॉर्सपॉवरचं. आजच्या एखाद्या सेदान गाडीची ताकदही याहून जास्त असते. वेग ताशी सव्वाशे-दीडशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे एक्स्प्रेस वेवर लोक पोलिसांना चुकवत जेवढ्या वेगात जातात तेवढाच. रेडिओ नाही. दर काही तासांनी कुठेतरी उतरून पेट्रोल भरायचंच.

म्हणून या रेसमध्ये विमान उडवण्याइतकंच महत्त्व कागदी तयारीला होतं. इराणचा किनारा, इराकचं वाळवंट, इजिप्त, मग भूमध्य समुद्र आणि युरोप. प्रत्येक टप्प्यावर पेट्रोल कुठे मिळेल, धावपट्टी कुठल्या दिशेला आहे, कुठल्या देशाची परवानगी लागते, दिवस मावळायच्या आत पोहोचू का, हे सगळं आधी बसून जुळवायचं. खालचा किनारा, नदी, रेल्वेचे रूळ यांवर नजर ठेवून मार्ग ओळखायचा. ट्रॅकवरचा रेसर ज्याला ब्रेकिंग मार्कर म्हणतो, तसे या वैमानिकांचे मार्कर म्हणजे हे रूळ आणि नद्या.

रेसमध्ये तिघं होते. पहिले मनमोहन सिंग. ते भारतात पोहोचले, पण वाटेत विमान उतरवावं लागल्यानं महिन्याची मुदत उलटली होती. बक्षीस हुकलं. दुसरे जेआरडी. आणि तिसरा गडी होता अवघ्या सतरा वर्षांचा, अ‍ॅस्पी इंजिनिअर.

आता इथे एक बारकावा आहे आणि तो ट्रॅकवर गेलेल्या कुणालाही लगेच कळेल. अ‍ॅस्पींनी हा मार्ग आधीच बघितला होता. मार्च 1930 मध्ये आर. एन. चावला यांच्यासोबत ते कराचीहून इंग्लंडला उडत गेले होते. दोघं असल्यानं त्या फेरीला आगाखान बक्षीस लागू नव्हतं. मग अ‍ॅस्पींनी तिकडूनच एकट्यानं परत यायचं ठरवलं आणि 25 एप्रिलला इंग्लंडहून उड्डाण केलं.

ट्रॅक उलट्या दिशेनं फिरलं की तो जवळजवळ नवाच ट्रॅक होतो हे खरं. पण धावपट्ट्या त्याच, पेट्रोलची ठिकाणं तीच. कुठे वाळूचं वादळ उठतं आणि कुठे उतरायला जागा नाही, हे त्या पोराच्या डोळ्यांखालून महिन्याभरापूर्वीच गेलेलं होतं. जेआरडी 3 मे ला कराचीहून निघाले तेव्हा त्यांच्या हाती नकाशे होते आणि आपण केलेली तयारी होती. एकट्यानं चालवत हा मार्ग ते पहिल्यांदाच पाहणार होते.

अबुकीरची गाठभेट

एक कराचीहून पश्चिमेकडे निघालेला, दुसरा लंडनहून पूर्वेकडे. म्हणजे वाटेत कुठेतरी दोघं एकमेकांना ओलांडणार. तसं झालं, पण आकाशात नाही. जेआरडी इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळच्या अबुकीरला उतरले, तर अ‍ॅस्पी तिथे अडकून पडलेले. कारण काय, तर स्पार्क प्लग खराब झालेले आणि बदलायला सुटे प्लग नव्हते.

ज्यांना इंजिनातलं कळत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सिलिंडरमधलं पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटवणारी ठिणगी स्पार्क प्लग देतो. त्याच्या टोकावर ऑइल आणि काजळी बसली की ठिणगी नीट पडत नाही, इंजिन अडखळतं, ताकद जाते. जिप्सी इंजिनाला चार सिलिंडर आणि प्रत्येकाला दोन प्लग असत. एक बिघडला तर दुसरा वेळ मारून नेतो. पण समुद्रावर किंवा वाळवंटावर असताना खराब प्लगांच्या भरवशावर कुणी शहाणा माणूस उडत नाही. आपल्याकडे बाईक बंद पडली की प्लग काढून पुसतात, तोच हा प्लग. चिमूटभर वस्तू, पण नसली तर रेस तिथेच संपली.

जेआरडींकडे सुटे प्लग होते. त्यांनी ते आणले होते, कारण अनोळखी मार्गावर काय बिघडेल याचा विचार निघण्याआधी केला होता. त्यांनी फक्त शुभेच्छा देऊन पुढे उड्डाण केलं असतं तरी कुणी बोट दाखवलं नसतं. नियमात मदत करायची सक्ती नव्हती. अ‍ॅस्पी जितके तास तिथे अडकतील तितका जेआरडींचाच फायदा होता.

जेआरडींनी आपल्याकडचे प्लग काढून दिले.

आणखी एक लक्षात घ्या. प्लग दिल्यानं फक्त प्रतिस्पर्धी सुटला असं नाही, तर जेआरडींच्या स्वतःच्या पेटीतला साठा कमी झाला आणि पुढे अख्खा भूमध्य समुद्र बाकी होता. मला या गोष्टीत मोठेपणापेक्षा हा हिशोब जास्त भारी वाटतो. ज्यानं नीट तयारी केलेली असते, त्यालाच आपल्याकडचं किती देता येईल हे माहीत असतं.

अ‍ॅस्पी 11 मे ला कराचीत उतरले. जेआरडीही पोहोचले, पण थोडक्यात उशिरा. 500 पौंड अ‍ॅस्पींना मिळाले.

या विजयानंतर अ‍ॅस्पी हवाई दलात गेले आणि 1960 ते 1964 या काळात भारतीय हवाई दलाचे प्रमुख होते. आपण हरलो ते बरंच झालं, या अर्थाचं जेआरडी पुढे मोकळेपणानं सांगत आले.

येरवड्याचं मैदान

रेस हरली, पण ती सवय राहिली. नेव्हिल व्हिन्सेंट या ब्रिटिश वैमानिकानं मांडलेली टपाल विमानसेवेची योजना टाटांनी हाती घेतली. 15 ऑक्टोबर 1932 ला जेआरडी कराचीहून पुस मॉथ विमानात साधारण 25 किलो टपाल घेऊन निघाले, अहमदाबादला पेट्रोल घेतलं आणि दुपारी जुहूला उतरले. अहमदाबादचं पेट्रोल बैलगाडीतून डब्यांमध्ये आलं होतं. भारतातली नियमित विमानसेवा सुरू झाली ती अशी. तिथून पुढे मद्रासपर्यंत टपाल व्हिन्सेंट घेऊन गेले.

जुहूची धावपट्टी म्हणजे समुद्राकाठची चिखलाची सपाट जमीन. पावसाळ्यात ती पाण्याखाली जायची. मग काय करायचं? तर अख्खं बिऱ्हाड पुण्याला हलवायचं. येरवडा जेलच्या शेजारच्या मैदानावरून टाटांची विमानं उडायची. म्हणजे पुणेकरांनी विमानतळ लांब आहे म्हणून तक्रार करायच्या किती तरी आधी पुण्याचा विमानतळ जेलला लागून होता. धावपट्टीवर दिवे नाहीत, हवामानाची धड माहिती नाही, तरी पहिल्या वर्षी या सेवेनं वेळापत्रक 100 टक्के पाळलं.

पुढचं आयुष्य बहुतेकांना माहीत आहे. 1938 मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षी टाटा समूहाचे अध्यक्ष, ते थेट 1991 पर्यंत. त्यांच्याच काळात 1945 मध्ये टेल्को उभी राहिली, साठच्या दशकात ती पुण्यात आली आणि पिंपरी-चिंचवडचं रूप बदललं. आजचं हिंजवडी त्याच पट्ट्याच्या कडेला वाढलेलं आहे. 1953 मध्ये एअर इंडियाचं राष्ट्रीयीकरण झालं, जे त्यांना मुळीच पटलं नव्हतं. तरी 1978 पर्यंत अध्यक्षपदी तेच राहिले. विमानातून प्रवास करताना पडद्यांचा रंग, चहाची चव, काउंटरवरची धूळ असं सगळं टिपून ते अधिकाऱ्यांना लांबलचक नोंदी पाठवायचे. अधिकारी या नोंदींना वचकून असायचे.

1992 मध्ये भारतरत्न मिळालं. 29 नोव्हेंबर 1993 ला जिनिव्हात त्यांचं निधन झालं. दफन पॅरिसला, जिथे जन्म झाला तिथेच.

त्याआधी, 15 ऑक्टोबर 1982 ला, पहिल्या टपाल उड्डाणाला पन्नास वर्षं झाली म्हणून 78 वर्षांचे जेआरडी कराचीत एका जुन्या लेपर्ड मॉथ विमानात चढले. इंजिन एकच, वेग जवळपास पूर्वीचाच, मार्गही तोच. विमान स्वतः चालवत ते मुंबईला जुहूवर उतरले.