दोन चुलींचे एक घर : लक्ष्मीबाई टिळकांचा संसार

मराठी आत्मचरित्रांची यादी कोणीही केली, तरी तिच्यात ‘स्मृतिचित्रे’ हे नाव अगदी वरच्या ओळीत येते. हा ग्रंथ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक कधी शाळेत गेल्या नव्हत्या. साहित्यनिर्मिती करावी असा संकल्प सोडूनही त्या लिहायला बसल्या नव्हत्या. वाट्याला आलेला संसार त्यांनी जसा भोगला तसा सांगितला, आणि तो सांगताना एका ख्रिस्ती कुटुंबाची घडण मराठी वाचकांसमोर प्रथमच इतक्या आतून उलगडली. धर्मांतराची हकीकत आपण बहुधा धर्मग्रंथांच्या आणि तत्त्वचर्चेच्या अंगाने ऐकतो. लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात तो प्रश्न चुलीपाशी आणि पाण्याच्या घागरीपाशी उभा राहिला, आणि सुटलाही तिथेच. हिंदू आणि ख्रिस्ती घरे पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या शेजारी नांदत आलेल्या आपल्या गोव्यात ही कथा पुन्हा आठवण्यासारखी आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म 1 जून 1868 रोजी नाशिकजवळच्या जलालपूर येथे गोखले घराण्यात झाला. माहेरचे नाव मनकर्णिका. घरी त्यांना मनू म्हणत. 1857 च्या उठावाच्या प्रकरणात त्यांच्या आजोळच्या घरावर मोठे संकट कोसळले आणि आजोबांना फाशी झाली. या आघाताचा परिणाम मनूच्या वडिलांच्या मनावर विलक्षण झाला. सारे जग विटाळलेले आहे, या भावनेने त्यांना घेरले आणि सोवळ्याचे वेड घरात शिरले. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेतली जाई. मीठसुद्धा त्यातून सुटत नसे. धुतलेल्या मिठातले किती हाती उरत असेल, याची कल्पना कोणत्याही गृहिणीला येईल. या कर्मठपणाचा जाच घरातल्या बायकामुलांना सोसावा लागे. स्पर्शाचे भय म्हणजे काय, हे मनू अशी अगदी लहानपणीच शिकली. पुढच्या सगळ्या आयुष्याचा धागा या बालपणापाशी बांधलेला आहे.

वयाच्या अकराव्या वर्षी मनूचे लग्न नारायण वामन टिळक यांच्याशी झाले आणि ती लक्ष्मी झाली. नारायणराव 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मले होते. संस्कृतचे उत्तम ज्ञान, वक्तृत्व, कवित्व असे सारे गुण त्यांच्या ठायी होते. नव्हती ती स्थिरता. एक नोकरी सोडून दुसरी, एक गाव सोडून दुसरे, असा त्यांचा क्रम चालू असे. स्वभाव तापट आणि तितकाच दयाळू. रागाच्या भरात घर सोडून निघून जावे आणि राग ओसरला की काही घडलेच नाही अशा थाटात परत यावे, हेही नित्याचेच. घरात धान्य नाही म्हणून त्यांना बाजारात पाठवावे आणि त्यांनी हौसेने एक सुंदर दौत घेऊन यावे, असा प्रसंग या संसारात घडलेला आहे. कवीला दौत लागते हे खरे. परंतु चुलीवर दौत शिजत नाही. हातात आलेला पैसा गरजू माणूस दिसताच देऊन टाकण्याची त्यांची सवय तर अखेरपर्यंत गेली नाही. महिना कसा काढायचा, हे कोडे लक्ष्मीबाईंनी एकटीने सोडवायचे, अशी या घरातली श्रमविभागणी होती. पोटची मुले बालपणीच गमावण्याचे दुःखही याच काळात त्यांच्या वाट्याला आले. 1891 साली जन्मलेला दत्तू, म्हणजे पुढचे देवदत्त नारायण टिळक, हाच काय तो आधार.

टिळकांनीच पत्नीला अक्षरओळख करून दिली. शिकवण्याचा उत्साह मोठा आणि धीर कमी, असा तो गुरू होता. तरीही वाचन-लेखनाची जी वाट त्या काळी उघडली, ती पुन्हा बंद झाली नाही.

1893 साली नागपूरहून राजनांदगावकडे जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाशी टिळकांची गाठ पडली. त्या गृहस्थाने त्यांना नव्या कराराची प्रत भेट दिली आणि ते ती वाचू लागले. खऱ्या धर्माचा शोध त्यांच्या मनात आधीपासूनच चालू होता. हिंदुस्थानात नव्या धर्माची स्थापना करावी, इथपर्यंत त्यांचे विचार गेले होते. या वाचनाने त्या शोधाला दिशा मिळाली आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ही वार्ता लक्ष्मीबाईंवर आदळली ती कोसळणाऱ्या छपरासारखी. पती जिवंत आहे, पण त्याच्या घरी जाता येत नाही; सौभाग्य आहे, पण संसार नाही. नातलगांनी त्यांना सांभाळले, परंतु ज्या समाजात बाईचे स्थान नवऱ्याच्या घरावरून ठरते, तिथे या स्थितीला नावच नव्हते. दत्तू कोणाकडे वाढणार, हाही प्रश्न टांगलेलाच होता. रडून रडून प्रकृती ढासळली. काही काळ त्या पंढरपुरातही राहिल्या. याच दिवसांत त्यांच्या हातून कविता उतरू लागल्या. ज्या व्यथेला घरात वाचा नव्हती, ती तिथे बोलू लागली. टिळकांची पत्रे येत, भेटीही होत. त्यांनी दुसरा संसार मांडला नाही आणि पत्नीवर धर्माची सक्तीही केली नाही. दोघांचीही वाट पाहण्याची ताकद या काळात पणाला लागली.

अखेर लक्ष्मीबाई दत्तूला घेऊन अहमदनगरला आल्या. पतीजवळ राहायचे, पण धर्म सोडायचा नाही, असा त्यांचा निश्चय होता. त्याला साजेशी व्यवस्था केली गेली. त्यांचे पाणी वेगळे, स्वयंपाक वेगळा, सोवळे-ओवळे पूर्वीप्रमाणे. पतीला वाढायचे, पण त्याचा स्पर्श आपल्या अन्नाला होऊ द्यायचा नाही. एका कुटुंबात दोन चुली पेटल्या. आज हे वाचताना कोणाला हसू येईल, कोणाला रागही येईल. परंतु त्या बाईच्या जागी उभे राहून पाहिले, तर पती आणि धर्म यांपैकी एकही न सोडण्याची ती मोठी हिंमत होती. धुतलेल्या मिठाच्या घरात वाढलेल्या मुलीने ख्रिस्ती नवऱ्याच्या दारी पाऊल टाकले, हेच अंतर काही लहान नव्हते.

पुढचे अंतर त्यांनी आपल्याच पायांनी तोडले. शेजारी ख्रिस्ती माणसे होती. त्यांतली कित्येक अशा जातींतून आलेली होती, ज्यांची सावलीही माहेरी चालली नसती. त्यांची सुखदुःखे, आजारपणे, बाळंतपणे लक्ष्मीबाई रोज पाहत होत्या. माणसामाणसांतला हा भेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांच्या मनात घोळू लागला. पशुपक्ष्यांच्या जाती पाहताच ओळखू येतात. माणसाची जात मात्र सांगितल्याशिवाय कळत नाही. मग ती देवाने केली कशी? विचार करता करता एके दिवशी उत्तर सापडले : हा भेद माणसाचाच आहे. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे, असे त्यांनी ठरवले आणि ते आचरणात आणले. इथे क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. विटाळाची कल्पना आधी गळून पडली. ख्रिस्ती धर्माचा स्वीकार त्यानंतर आला. 1900 साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला आणि दोन चुलींची एक चूल झाली.

या एका चुलीवर पुढे किती जणांचे अन्न शिजले, याची गणती नाही. दुष्काळ आणि प्लेग यांनी गांजलेला तो काळ होता. पोरकी मुले, आसरा मागणारे तरुण, वाटसरू, कवी, मतभेदासाठी आलेले आणि जेवायला थांबलेले पाहुणे, या सर्वांना टिळकांच्या घराचे दार उघडे होते. दार उघडणे टिळकांचे काम आणि ताटे मांडणे लक्ष्मीबाईंचे. तारा नावाची मुलगी या घरात लेक म्हणून वाढली. एकदा माणूस घरात आला की त्याची जात, त्याचे कूळ विचारायचे नाही. एवढेच विचारायचे की, जेवण झाले आहे का. टिळकांचे औदार्य लोकांनी पुष्कळ वाखाणले. त्या औदार्याचा हिशेब मात्र रोज संध्याकाळी डब्यातल्या पिठाशी जुळवावा लागे, आणि तो जुळवणारी व्यक्ती वेगळी होती. लक्ष्मीबाई या ओढाताणीत कुरकुरल्या, भांडल्या, प्रसंगी पैसे लपवून ठेवले. पण दारचा माणूस उपाशी गेला असे झाले नाही.

याच घरात त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा कोवळा कवी काही काळ राहिला. 1907 च्या जळगावच्या कविसंमेलनात तो ‘बालकवी’ म्हणून महाराष्ट्राच्या नजरेत भरला होता. आपल्याच नादात रमणारा, व्यवहाराचे भान नसलेला हा मुलगा लक्ष्मीबाईंना परका वाटला नाही. अशा एका कवीशी तर त्यांचा संसारच झाला होता. त्यांनी त्याच्यावर आईची माया केली. त्या काळी ब्राह्मण घरातल्या तरुणाने ख्रिस्ती कुटुंबात राहावे, ही साधी गोष्ट नव्हती. तो राहिला, जेवला, रुसला, हसला आणि आपल्या धर्मातच राहिला. 1918 साली रेल्वे अपघातात बालकवी गेले, तेव्हा या घराने आपला मुलगाच गमावला.

टिळकांच्या घरातले ख्रिस्तीपण परदेशी थाटाचे नव्हते. ख्रिस्ताची ओळख या देशाने आपल्या भाषेत आणि आपल्या चालीरीतींत करून घ्यावी, असा टिळकांचा आग्रह होता. अभंग, ओवी, भजन, कीर्तन ही मराठी भक्तीची साधने त्यांनी ख्रिस्ती उपासनेत आणली. त्यांनी रचलेली अनेक भक्तिगीते मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या ‘उपासना-संगीत’ या गीतसंग्रहात आहेत. लक्ष्मीबाईही कीर्तने करू लागल्या. ज्या बाईला एकेकाळी परपुरुषासमोर उभे राहणे अवघड होते, ती आता श्रोत्यांसमोर उभी राहून हसवू आणि रडवू लागली. दोघांच्या लेखणीतून आणि वाणीतून पंढरीची वाट सुटली नाही. तिच्यावरून चालण्याचे ठिकाण मात्र बदलले.

1917 साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ या नावाने कार्य आरंभले. ठरलेला पगार बंद झाला. पतीच्या संन्यासाची झळ संसाराला पुन्हा एकदा लागली, आणि पुन्हा एकदा लक्ष्मीबाईंनी ती सोसली. 9 मे 1919 रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यानंतर पोटासाठी लक्ष्मीबाईंनी मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रनचे कामही केले. पुढे मुलाच्या संसारासोबत काही काळ कराचीत आणि अखेरीस नाशिकला त्यांचे वास्तव्य झाले.

टिळकांनी आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरेच राहिले होते. ते दहा-अकरा अध्यायांपलीकडे गेले नव्हते. उतारवयात लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि साठांहून अधिक अध्याय लिहून तडीस नेत आणले. ख्रिस्तचरित्र मराठी काव्यात गाण्याची परंपरा आपल्या गोव्यात फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’ने सुरू झाली, तो ग्रंथ 1616 साली रायतूर येथे छापला गेला. स्टीफन्स हे युरोपात शिकलेले विद्वान पाद्री होते. तीन शतकांनंतर त्याच वाटेवर नाशिककडची एक आजीबाई चालली, जिचे शिक्षण नवऱ्याने शिकवलेल्या मुळाक्षरांपासून सुरू झाले होते.

‘स्मृतिचित्रे’चा जन्मही असाच घरगुती गरजेतून झाला. देवदत्तांना वडिलांचे चरित्र लिहायचे होते आणि त्यासाठी आईच्या आठवणी हव्या होत्या. त्या कागदावर उतरू लागल्या आणि टिळकांच्या चरित्राची साधने म्हणून आरंभलेले लेखन लक्ष्मीबाईंचे स्वतःचे चरित्र बनून गेले. पहिला भाग 1934 साली प्रसिद्ध झाला. बायका ओसरीवर बसून बोलतात तशी ती भाषा. दुःख सांगताना रडे नाही, नवऱ्याचे दोष सांगताना कडवटपणा नाही आणि स्वतःची फजिती लपवण्याचा प्रयत्न नाही. जाणकारांनी त्या लेखनाचा गौरव केला. 24 फेब्रुवारी 1936 रोजी नाशिक येथे लक्ष्मीबाईंनी जगाचा निरोप घेतला. त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या कवितासंग्रहाचे नाव ‘भरली घागर’ असे आहे.

हे नाव योगायोगाने का होईना, त्यांच्या आयुष्याला नेमके शोभते. बालपणी जिने पाण्याच्या थेंबालाही विटाळ होतो असे पाहिले, तारुण्यात जिने नवऱ्याच्या घरी आपली घागर निराळी ठेवली, त्या बाईच्या घरचे पाणी पुढे जातगोत न विचारता कोणालाही मिळू लागले. या प्रवासात कोणी तिला ओढून नेले नाही. तिने आधीची श्रद्धा मनापासून पाळली आणि नवी मनापासून स्वीकारली. मधली पाच वर्षे तिने किंमत म्हणून मोजली. घरातल्या एका माणसाचा विश्वास बदलला की घर मोडते, असे आजही मानले जाते आणि पुष्कळदा ते मोडतेही. टिळकांचे घर मोडले नाही, कारण एकाने सक्ती केली नाही आणि दुसरीने नाते तोडले नाही. दोन चुली पेटल्या असतानाही ते घर एकच राहिले होते. चूल एक झाली ती त्यानंतर.