क्रांतीचा अर्थ आणि कायद्याची मर्यादा : बाबासाहेबांच्या चरित्रातून

‘क्रांती’ हा शब्द ऐकताच कोणाला रक्तपात आठवतो, तर कोणाला तुरुंग. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र या शब्दाचा निराळा अर्थ शिकविते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव अमेरिकेत व इंग्लंडात विद्यार्जन करून १९२३ साली बॅरिस्टर होऊन मुंबईस परतले. १९२६ साली पुण्यात ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे आदींना अब्रुनुकसानीच्या खटल्यात शिक्षा झाली. अपिलात बाबासाहेबांनी त्यांची बाजू मांडली आणि ते निर्दोष सुटले. कायदा लेखणीला कोठे अडवितो, हे त्यांनी वकील म्हणून जवळून पाहिले.

२० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली, तेव्हा बाबासाहेबांनी तिची तुलना १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेशी केली. समता प्रस्थापित करणे हाच त्यांच्या दृष्टीने क्रांतीचा गाभा होता. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. परंतु तळ्यावर जाण्यास न्यायालयाने तात्पुरती मनाई केली होती. हजारो सत्याग्रही अधीर असतानाही बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. त्यांनी मनाई मानली, मात्र हक्क सोडला नाही. न्यायालयीन लढा दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात विजय मिळाला.

पुढे तेच संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. भाषणस्वातंत्र्यावरील मर्यादांच्या मसुद्यात असलेला ‘राजद्रोह’ हा शब्द संविधान सभेतील चर्चेनंतर वगळला गेला. दंडसंहितेतील कलम मात्र तसेच राहिले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात त्यांनी बजावले की, संविधानिक मार्ग खुले झाल्यावर रक्तरंजित मार्ग सोडले पाहिजेत. त्याच भाषणात त्यांनी असेही सांगितले की, सामाजिक व आर्थिक विषमता टिकली, तर राजकीय लोकशाहीच धोक्यात येईल.

१९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने भाषणस्वातंत्र्यावरील मर्यादा वाढल्या, आणि कायदेमंत्री या नात्याने बाबासाहेबांनी तिचे समर्थन केले. हे आपण लपवू नये. मात्र त्याच दुरुस्तीने ते निर्बंध ‘वाजवी’ असलेच पाहिजेत, अशी अट घातली आणि ते वाजवी आहेत की नाहीत, हे तपासण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला. पुढे १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने केदारनाथ सिंह खटल्यात स्पष्ट केले की, हिंसेला वा सार्वजनिक अव्यवस्थेला चिथावणी नसेल, तर शासनावरील कठोर टीकाही राजद्रोह ठरत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. एकही शस्त्र न उचलता माणसांची मने पालटली. त्याच वर्षी ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. प्राचीन भारतातील क्रांती व प्रतिक्रांती यांवरील त्यांचा ग्रंथ अपूर्ण राहिला. त्यात त्यांनी बौद्ध धम्माच्या उदयालाच क्रांती मानले आहे.

त्या क्रांतीच्या खुणा आपल्या जुन्नरच्या लेण्याद्री आणि मानमोडीच्या लेण्यांत आजही उभ्या आहेत. जुन्नर-आंबेगावच्या वाड्यावस्त्यांतून वसतिगृहात येणाऱ्या मुलामुलींनी ‘क्रांती’ हा शब्द उच्चारताना भिऊ नये आणि तो बेजबाबदारपणे फेकूही नये. प्रश्न विचारावा, कायदा वाचावा, तो अन्यायकारक असल्यास तो बदलण्यासाठी संघटित व्हावे. बाबासाहेबांना हेच खरे अभिवादन होय.

जय भीम! नमो बुद्धाय!