जॅकी रॉबिन्सन

अमेरिकेतील जॉर्जिया संस्थानात १९१९ साली एका गरीब कृष्णवर्णी कुळाच्या घरी जॅकी रॉबिन्सन यांचा जन्म झाला. बापाने घर सोडिल्यावर आईने पाच मुलांस कॅलिफोर्नियात नेले व परक्या घरची कामे करून वाढविले. १९४४ साली सैन्यात अधिकारी असता मोटारबसमध्ये मागे जाऊन बसण्याचा हुकूम त्यांनी मानिला नाही. खटला झाला, ते निर्दोष सुटले.

महायुद्ध संपले, तरी बेसबॉलच्या मोठ्या संघांची दारे कृष्णवर्णीयांस बंदच होती. ब्रुकलिन संघाचे चालक ब्रँच रिकी यांनी रॉबिन्सन यांस घेतले, पण एका अटीवर : कितीही अपमान झाला तरी हात उगारावयाचा नाही. अशा मानी पुरुषास ही अट किती जड गेली असेल! १५ एप्रिल १९४७ रोजी ते मैदानात उतरले. शिव्या व धमक्या त्यांनी सोसल्या आणि उत्तर दिले ते खेळाने. १९४९ साली ते आपल्या लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. पुढे नागरिक हक्कांसाठीही ते निर्भयपणे झटले. १९७२ साली त्यांचे देहावसान झाले.

अन्यायी हुकूम मोडण्यास धैर्य लागते. परंतु ध्येयासाठी राग गिळण्यास त्याहून अधिक लागते, हे या चरित्रावरून आम्हांस दिसते.